चासी नंबराच्या खाली

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या लिलावात १९६२ सालची एक फेरारी चार कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. तेव्हाच्या दराने ही रक्कम सव्वातीनशे कोटी रुपयांच्या वर जाते. मॉडेल २५० जीटीओ, चासी नंबर ३४१३ जीटी. हुबेहूब अशीच दिसणारी गाडी एखाद्या कसबी कारखान्यातून आजही बनवून घेता येते. तिच्यात त्या काळातलं फेरारीचंच बारा सिलिंडरचं इंजिन बसवता येतं आणि तिचा आवाजही तसाच येतो. तिला मात्र या किमतीचा अगदी किरकोळ हिस्सा मिळतो. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर मुरलेला माणूसही पहिल्या नजरेत खात्रीने काही सांगणार नाही. तो आधी वाकून गाडीखाली बघेल.

२५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात बनल्या, अवघ्या ३६. शर्यतींच्या नियमाप्रमाणे त्या गटासाठी शंभर गाड्या बनवणं अपेक्षित होतं; फेरारीने ही गाडी आपल्या आधीच्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे असं सांगून मान्यता मिळवली. इंजिन तीन लिटरचं, ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. अंगावरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मोडेनातल्या स्काग्लिएत्ती यांच्या कारखान्यात हातोडीने ठोकून घडवलेला. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकायचा, सांगाड्यावर धरून बघायचा, पुन्हा ठोकायचा. असं काम करताना डाव्या बाजूचा मडगार्ड आणि उजव्या बाजूचा मडगार्ड तंतोतंत जुळत नाही; काही मिलिमीटरचा फरक राहतोच. आज लेझर स्कॅनरने अख्ख्या गाडीचं मोजमाप घेऊन एक बाजू संगणकात दुसरीवर पालथी घालता येते. दोन्ही बाजू निर्दोष जुळल्या, तर शंकेला जागा आहे. हातोडी धरणाऱ्या माणसाला इतकी सममिती साधत नाही आणि १९६२ मध्ये ती कुणाला हवीही नव्हती. गाडी पुढच्या शर्यतीपर्यंत तयार झाली म्हणजे पुरे होतं.

नकली जीटीओचा कच्चा माल बहुतेक वेळा अस्सल फेरारीच असते. १९६० ते १९६३ दरम्यान कंपनीने २५० जीटीई नावाची चार आसनी गाडी साडेनऊशेच्या आसपास बनवली. तिच्या इंजिनाचं घराणं जीटीओचंच. पुढे या जीटीई जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि त्यांतल्या कित्येक कापल्या गेल्या. मला याची फार हळहळ वाटते. एका शांत, देखण्या कौटुंबिक गाडीचा बळी देऊन दुसऱ्या गाडीचा मुखवटा तयार करायचा, आणि मग मूळ गाडीही गेली आणि मुखवटाही खरा नाही, अशी अवस्था. आता जीटीईलाही चांगला भाव आला आहे. तो कापाकापी होण्याआधी आला असता, तर यातल्या बऱ्याच वाचल्या असत्या.

तपासणाऱ्याला मात्र या कापाकापीचा उपयोग होतो. जीटीईच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिलिमीटर, जीटीओचं २४००. म्हणजे चासीच्या नळ्या कुठेतरी वीस सेंटिमीटरने कापून पुन्हा जोडाव्या लागतात. जीटीईचं ऑइल इंजिनाच्या तळातल्या कढईतच साठतं. जीटीओच्या इंजिनात ते वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने फिरवलेलं असतं, म्हणजे वळणावर गाडी कलंडली तरी बेअरिंग कोरडी पडत नाहीत. जीटीईला तीन कार्बोरेटर, जीटीओला सहा. गिअरबॉक्स निराळा. प्रत्येक फरक झाकायला एक नवा भाग लागतो, आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर नवा सांधा येतो.

सांधा फारसं खोटं बोलू शकत नाही. वेल्डिंगच्या वेळी धातू वितळतो, थिजतो आणि शेजारच्या पट्ट्यातल्या कणांची रचना उष्णतेने बदलते. वरून घासून, पुट्टी भरून, रंग मारला तरी आतली रचना तशीच राहते. क्ष-किरणांनी किंवा अल्ट्रासाउंडने नळीचा फोटो घेतला की जोड दिसतो. गॅस वेल्डिंगने जोडलेला पत्रा आणि आजच्या टिग वेल्डिंगने जोडलेला पत्रा यांत तरबेज कारागीर नुसत्या डोळ्यांनीही फरक करतो: टिगची शिवण अरुंद, एकसारख्या लहरींची, गॅसची रुंद आणि जरा बेंगरूळ.

पण सगळ्यात चुरशीची लढाई होते ती चासी नंबरावर. आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी चासी नंबरावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून छाप घेतात, हे गाडी विकलेल्या कुणालाही माहीत आहे. त्या छापात आकड्यांचा आकार उतरतो. आकड्यांखाली जे असतं, ते मात्र कागदावर येत नाही.

लोखंडी पंच ठेवून हातोडीचा फटका मारला की धातूत खाच पडते. त्या खाचेच्या तळाखालीही धातू दबलेला असतो. धातू हा बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. फटक्याने हे कण चेपले जातात, त्यांच्या आतल्या अणूंच्या रांगा मोडतात, आणि त्या मोडतोडीत ऊर्जा अडकून राहते. कुणी ग्राइंडर घेऊन नंबर घासून टाकला तर खाच जाते, पण चेपलेला थर बऱ्याचदा शिल्लक राहतो. त्या जागेला आरशासारखी चकाकी आणून तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉपर क्लोराइडचं द्रावण फिरवलं, की चेपलेला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने खाल्ला जातो आणि पुसलेला आकडा सावलीसारखा वर येतो. आपल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांमध्ये चोरीच्या गाड्यांवर आणि पिस्तुलांवर हीच चाचणी करतात. पोलादावर ती चांगली चालते. अ‍ॅल्युमिनियमवर तेवढी भरवशाची नाही.

या चाचणीचा शत्रू उष्णता आहे. घासलेल्या जागेवर वेल्डिंगचा थर चढवला किंवा ती लालबुंद होईपर्यंत तापवली, तर चेपलेले कण नव्याने घडतात आणि धातूत राहिलेली फटक्याची आठवण पुसली जाते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीमधल्या संशोधकांनी सुमारे दहा वर्षांपूर्वी आणखी सूक्ष्म वाट दाखवली. त्यांनी पोलादाच्या पट्टीवर खुणा ठोकल्या, दिसेनाशा होईपर्यंत घासल्या आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिककणांनी परतवलेल्या इलेक्ट्रॉनांचे नमुने बिंदूबिंदूने नोंदवले. जिथे कण चेपलेले, तिथे नमुना अस्पष्ट. त्या अस्पष्टतेचा नकाशा काढला की खूण पुन्हा वाचता आली. मात्र त्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत मावावा लागतो, आणि शेकडो कोटींच्या गाडीच्या चासीतून तुकडा कापून द्यायला कोण तयार होणार?

घासलेला जुना नंबर शोधण्याइतकंच नव्याने ठोकलेला नंबर ओळखणंही महत्त्वाचं असतं. कारखान्यातले पंच ठरावीक असत. एखाद्या सहाच्या शेपटीला वळण जास्त, एखादा तीन सपाट डोक्याचा. आकड्यांमधलं अंतर, त्यांचा तिरपेपणा, खोली हे सगळं निर्विवाद खऱ्या गाड्यांच्या फोटोंशी ताडून बघतात. खरा नंबर सरळ ओळीत असलाच पाहिजे असं नाही, उलट हाताने ठोकलेला तो थोडा वाकडाच असतो.

मग येते रसायनाची पाळी. हातात धरायच्या पिस्तुलासारख्या एका यंत्रातून धातूवर क्ष-किरण सोडतात. ते अणूतल्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन त्याची जागा घेतो, आणि पडताना त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर टाकतो. काही सेकंदांत मिश्रधातूत मँगनीज किती, तांबं किती, क्रोमियम किती हे पडद्यावर येतं, तेही ओरखडा न काढता. पोलादातला कार्बन मात्र या यंत्राला दिसत नाही. त्यासाठी ठिणगी पाडून तिचा प्रकाश तपासावा लागतो. रंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा टवका घेतला तर त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली थरांचा इतिहास सांगतो. शर्यतीच्या गाड्या हंगामागणिक, मालकागणिक रंगवल्या जात. ते सगळे रंग एकाखाली एक सापडतात. अवरक्त किरणांनी रंगातलं बांधणारं द्रव्य ओळखता येतं. जुना नायट्रोसेल्युलोज रंग आणि आजचा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग यांत गल्लत होत नाही. साठ वर्षांच्या गाडीच्या सर्वांत खालच्या थरातच आधुनिक रंग निघाला, तर एक तर पत्रा नागडा करून पुन्हा रंगवला आहे किंवा तो पत्राच नवा आहे.

या सगळ्या चाचण्यांचं एक मूलभूत दुबळेपण आहे, आणि लिलावाच्या झगमगाटात ते हमखास विसरलं जातं. त्या खोटं पकडतात. खरं सिद्ध करत नाहीत. साठच्या दशकातली नळी साठच्या दशकातलीच निघाली, याचा अर्थ ती ३४१३ जीटीचीच होती असा होत नाही. ती कापलेल्या जीटीईची असू शकते. जुन्या भंगारातून जुना धातू मिळतो, आणि हुशार नक्कल करणारा तोच वापरतो. म्हणून धातूबरोबर कागद लागतात: कारखान्याच्या नोंदवह्या, शर्यतीच्या नोंदणीचे तक्ते, सीमाशुल्काच्या पावत्या, विक्रीची पत्रं. फेरारीने २००६ पासून मारानेल्लोमध्ये आपल्या जुन्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारा स्वतंत्र विभाग चालवला आहे. चासी, इंजिन, गिअरबॉक्स यांचे नंबर तिथे मूळ नोंदींशी जुळवले जातात. आणि फोटो. एखाद्या १९६३ सालच्या शर्यतीच्या फोटोत बॉनेटवरच्या रिव्हेटची रांग एका जागी चुकलेली दिसते आणि तीच चूक आजच्या गाडीवरही सापडते, तेव्हा तपासणाऱ्याला होणारा आनंद मी समजू शकतो. रिव्हेट मारताना कुणाचा तरी हात जरासा हलला होता, आणि तीच नजरचूक आज ओळखपत्र ठरते.

आता ३४१३ जीटीकडे परत जाऊ. मॉन्टेरेला विकली गेली तेव्हा तिच्या अंगावर तिचा पहिला पत्रा नव्हताच. १९६४ मध्ये स्काग्लिएत्तींकडेच तिला नव्या धाटणीची बॉडी चढवली होती. तरी तिच्या खरेपणावर कुणी बोट ठेवलं नाही, कारण हा बदल कुठे, कधी, कुणी केला हे सलग नोंदलेलं आहे. लोक एवढे पैसे मोजतात ते या सलगपणासाठी, असं माझं मत आहे. सुटा धातू किंवा सुटा आकार यांना तेवढं मोल नाही.

भाग बदलत गेले तरी गाडी तीच राहते का, हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयासमोर आला होता. गाडी बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं तिने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिला मोठं, आठ लिटरचं इंजिन बसवलं गेलं; १९३२ मध्ये ब्रूकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या कडेवरून खाली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली, तिला बंद बॉडी दिली. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदाराने हात वर केले: यात ल मान्सच्या गाडीचं उरलंय काय? खरोखरच १९२९ सालचे भाग अगदी थोडे उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी सगळी साक्ष ऐकून ठरवलं, की ही गाडी मूळ स्थितीत नाही, पण ती अस्सल ओल्ड नंबर वनच आहे. एकेक भाग बदलत गेला, तरी गाडी म्हणून तिचं अस्तित्व कधी तुटलं नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही.

आपल्या देशाने याच प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली. अट अशी, की वाहन मूळ रूपात असावं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. ओल्ड नंबर वन या अटीत बसणार नाही. नियम करणाऱ्यांची अडचण मला कळते, सरकारी तपासनीस काही प्रत्येक गाडीचं चरित्र वाचत बसू शकत नाही. पण शर्यतीच्या गाड्या तुटतात, जळतात, पुन्हा बांधल्या जातात, आणि तेच त्यांचं आयुष्य असतं.

यापुढचा पेच खुद्द कारखान्यांनीच निर्माण केला आहे. जॅग्वारने १९६३ मध्ये वजनाने हलक्या ई-टाइप बनवायला घेतल्या, तेव्हा अठरा गाड्यांची योजना होती, बनल्या बाराच. २०१४ मध्ये कंपनीने उरलेल्या सहा बनवायचं जाहीर केलं. पुढे १९५७ च्या आगीत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात जळालेल्या नऊ एक्सकेएसएस गाड्यांच्या जागीही नव्या नऊ बनवल्या. कंपनीने यात काही लपवलेलं नाही, आणि उघडपणे बनवलेल्या नकलेशी माझं काही भांडण नाही. उत्तम कारागिरी आहे ती. पण बनवणारा कारखाना खरा, योजनेतली जागा खरी, धातू मात्र पन्नास वर्षांनी धाकटा. आज या गाड्या कुठल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाचसहा मालक बदलले, कागद एका घरात आणि गाडी दुसऱ्या खंडात गेली, की मग तपासणाऱ्याला पुन्हा सांधे, मिश्रधातू आणि रंगाचे थरच उलगडावे लागतील. ई-टाइपच्या बाबतीत त्याचं काम थोडं सोपं होईल: नव्या सहा गाड्यांसाठी जॅग्वारने जुन्या बॉडीच्या एकाच बाजूचं स्कॅनिंग केलं आणि दुसरी बाजू संगणकावर उलटवून घेतली.