गोंदण ठसठशीत की नाजूक?

आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन म्हातारपणीही ओळखू येतं; मग आजचा बारीक रेघांचा टॅटू काही वर्षांतच धूसर का होतो? सुई शाई सोडते ती त्वचेच्या आतल्या थरात. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पेशी मेली की कण सुटतात आणि नवी पेशी ते उचलते, हातोहात घागरी पुढे द्याव्यात तसे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांमध्ये हे दाखवलं. काळाच्या ओघात कण थोडे सरकतात, रेघ पसरते. जाड रेघेला ते पचतं. जवळजवळच्या बारीक रेघा मात्र एकमेकींत मिसळतात. नाजूक नक्षीच आवडत असेल तर ती जरा मोठी काढून घ्या, रेघांमध्ये मोकळी जागा ठेवा. इवली अक्षरं टाळाच.