शंभर वर्षांपूर्वीची हिंगोली : समज आणि वस्तुस्थिती

पणजोबा-पणजीच्या काळाविषयी बोलताना माणसाच्या वाणीत जी आर्द्रता येते ती स्वाभाविक आहे, आणि तिचा उपमर्द करावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांत, लग्नघरी असो वा पारावर, ‘पूर्वी असे नव्हते’ या शब्दांनी जे संभाषण सुरू होते त्यातील तो ‘पूर्वी’ पुष्कळदा कल्पित असतो. आणि त्याच कल्पित मापाने आपण आजच्या मुलामुलींच्या वर्तनाचा निवाडा करीत असल्यामुळे, तो काळ वस्तुतः कसा होता हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

पहिला गैरसमज राज्याविषयीचाच आहे. स्वातंत्र्यापूर्वी येथे इंग्रजांचे राज्य होते, असे सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी हिंगोलीच्या छावणीत १९०३ पर्यंत होत्या आणि त्यामुळे गोरे अंमलदार लोकांच्या दृष्टीस पडत, हे खरे. पण हा मुलूख निजामाच्या परभणी जिल्ह्यात मोडत होता, गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान होते, जिल्ह्याचा मुख्य अव्वल तालुकदार होता, वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले, आणि १९२५ च्या ऑक्टोबरात जे सरकारी वर्ष सुरू झाले ते १३३५ फसली होते. बाजारात हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, पडत. या राज्यात राजकीय सभा भरवायची तर आधी परवानगी घ्यावी लागे, आणि ही मुस्कटदाबी विसरण्याजोगी नाही. तथापि १९२१ च्या सुमारास याच दरबाराने न्यायखाते मुलकी खात्यापासून अलग केले, ही सुधारणा ब्रिटिश हिंदुस्थानातही तेव्हा झालेली नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे: पूर्वीची माणसे शुद्ध अन्न खाऊन शंभर वर्षे जगत आणि एकेका वाड्यात पन्नास-पन्नास पाने उठत. असे वाडे होते, पण ते पाटील, देशमुख आणि सावकारांचे. १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत हिंदुस्थानातील एका घरामागे माणसांची सरासरी पाचाच्या आसपास भरते, म्हणजे ती आजच्यापेक्षा फारशी निराळी नाही. आणि याचे कारण मोठे करुण आहे. एकत्र राहण्याची इच्छा असली तरी एकत्र राहण्याइतकी माणसे जगतच नव्हती. १९१८ साली पावसाने दगा दिला, त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली, आणि १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे एक कोटी चौतीस लाखांवरून एक कोटी पंचवीस लाखांवर उतरली. १९२१ ते १९३१ या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला पोहोचले आहे. पूर्वी वृद्ध नव्हते असा याचा अर्थ नव्हे. बालपणीचे आजार, बाळंतपणे आणि साथी यांतून जे तगले ते खरोखरच काटक म्हातारे झाले, आणि घराण्याच्या आठवणीत तेच उरले. पाचव्या महिन्यात गेलेल्या मुलाचे नाव मात्र कोणी सांगत नाही.

शेतीविषयीचे अज्ञान तितके हानिकारक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हा जणू अनादिकाळापासून हळदीचाच मुलूख होता असे बोलले जाते. परंतु शतकापूर्वीच्या जिरायत काळ्या रानात ज्वारी आणि कापूस हीच मुख्य पिके होती, हिंगोली कापसाची पेठ म्हणून ओळखली जाई, आणि हळदीचा आजचा विस्तार पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी १९६० नंतरच्या दशकात मिळू लागल्यावरचा आहे. सोयाबीन तर आणखी अलीकडचे. खेडे स्वयंपूर्ण होते, हाही असाच एक समज. १९१२ साली पूर्णा ते हिंगोली हा मीटरमापी लोहमार्ग झाला, आणि पुढे स्वातंत्र्यानंतर तो अकोल्यास जोडला जाईपर्यंत हिंगोली हे शेवटचे स्थानक राहिले. त्या गाडीने कापूस बाहेर जाई आणि मीठ, लोखंड, घासलेट व गिरणीचे कापड आत येई. एवढेच नव्हे, तर १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात तिकडचा कापूस थांबताच इकडचा भाव कडाडला होता, म्हणजे येथील कुणब्याचे नशीब सातासमुद्रांपलीकडील घडामोडींशी केव्हाच बांधले गेले होते.

गावात एकोपा होता असे म्हणतात. मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदूंनी नवस बोलावेत, इतपत एकोपा खराच होता आणि त्याचे मोल मी जाणतो. पण ज्या महार-मांगांना गावच्या विहिरीवर घागर टेकवता येत नव्हती आणि सरकारी अंमलदार आला की वेठीला जावे लागत होते, त्यांच्या बाजूने हा एकोपा एकदा पाहावा. ज्या नरसीत नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा सांगते, तेथून हाकेच्या अंतरावरही ही स्थिती निराळी नव्हती.

सर्वांत अधिक घोटाळा विवाहाविषयी आहे. ‘आपल्यात बाईने दुसरे लग्न करण्याची चाल नाही’, ‘घटस्फोट हे शहरी खूळ आहे’, ‘हुंडा वाडवडिलांपासून चालत आला आहे’ ही तीन विधाने आज ज्या घरांतून ऐकू येतात, त्यांतील बहुतेक घरांच्या बाबतीत ती तिन्ही चुकीची आहेत. सय्यद सिराज उल हसन यांचा निजाम राज्यातील जातिजमातींवरील ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात आणि त्या काळच्या इतर नोंदींत स्पष्ट दिसते की विधवेच्या पुनर्विवाहावर कडक बंदी होती ती ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या वरिष्ठ कुळांत. कष्टकरी व कारागीर जातींपैकी बहुतेकांत विधवेचा पाट लागत असे, त्याला मोहतूर म्हणत, आणि पटत नसेल तर पंचांपुढे काडीमोडही होई. पाटाला लग्नाइतका मान नव्हता, तो विधी रात्री उरकला जाई, हे खरे. पण त्यातली संतती औरस ठरे आणि बाईचा संसार पुन्हा उभा राही. देण्याघेण्याचा प्रकारही आजच्या उलट होता. अनेक कुळांत नवरदेवाकडून मुलीच्या बापाला देज दिले जाई, कारण शेतावर खपणारे दोन हात घरातून जात होते. पुढे पैसा, शिक्षण आणि नोकरी आली, वरच्या मानल्या गेलेल्या जातींची चाल प्रतिष्ठेची वाटू लागली, पाट बुडाला, देज बुडाले आणि हुंडा शिरला. म्हणजे ज्याला आपण पुरातन कुलाचार म्हणून कवटाळतो तो पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्यांपलीकडचा नाही. आणि जी मोकळीक खरोखर पुरातन होती ती आपणच मोडीत काढली, याचे मला मनापासून दुःख होते.

ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत त्यांच्या बोलण्यात आणखी एक समज आढळतो, की तो देश पहिल्यापासूनच असा लखलखता होता. १९३५ च्या सुमारास तेथील दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती, १९२० साली तेथील सरासरी आयुर्मान सुमारे चौपन्न वर्षे होते, आणि तेथील स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळाला तो त्याच वर्षी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर तब्बल १४४ वर्षांनी. हिंगोलीच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या पत्नीला सार्वत्रिक मतदानाचा हक्क पहिल्या निवडणुकीत, १९५२ साली, एकाच दिवशी मिळाला. औंढ्याजवळ दुधाळा येथे अमेरिकेतील दोन वेधशाळांच्या जोडीची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे, तिचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या मताधिकाराचाही तितकाच अभिमान बाळगावा, असे मला वाटते.

साक्षरतेचा हिशेब आजच्या बाजूने निर्विवाद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानात शंभरात तीनच्या आसपास माणसे साक्षर होती आणि स्त्रियांत हे प्रमाण हजारी तीनच्या घरात होते. २०११ साली सुमारे पावणेबारा लाख लोकवस्तीच्या या जिल्ह्यात सात वर्षांवरील लोकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक साक्षर आढळले. मात्र सारेच सुधारले असे मानणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा १९२९ चा सारडा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, त्यामुळे निजाम राज्यातील हिंगोलीत त्याचा अंमल नव्हता. आज अठरा वर्षांचा कायदा येथे पूर्णपणे लागू आहे, तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्क्यांचा विवाह अठराच्या आत झालेला आढळला, आणि मराठवाड्यातील बहुतेक जिल्हे या सरासरीच्या बरेच वर होते. दुसरी गोष्ट अशी की, आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७८ स्त्रिया होत्या आणि २०११ साली ९२९. हिंगोली जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुलींची संख्या त्या वर्षी नऊशेच्याही खाली होती. ही घट शतकापूर्वीच्या अडाणी, दरिद्री, देज घेऊन मुलगी देणाऱ्या माणसांच्या हातून झालेली नाही.