वस्तीचा इतिहास वस्तीनेच जपावा

किल्ले, लेणी, राजवाडे सांभाळायला पुरातत्त्व खाते आहे. पण कष्टकऱ्यांच्या साध्या घरांचा इतिहास कोणी सांभाळायचा? न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय समाजाने याचे उत्तर कृतीने दिले आहे. आपल्या समाजबांधवांनी ते समजून घ्यावे.

न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी १८२७ साली संपली. तरीही काळ्या माणसाला मत द्यायचे, तर त्याच्या नावावर २५० डॉलरची मालमत्ता हवी, अशी अट होती. म्हणजे जमीन घेणे हाच नागरिक होण्याचा मार्ग! १८३८ साली जेम्स वीक्स यांनी ब्रुकलिनमध्ये जमीन घेतली आणि त्यांच्या नावाने ‘वीक्सव्हिल’ वस्ती उभी राहिली. या लोकांनी स्वतःची शाळा, चर्च, वृद्धाश्रम आणि वर्तमानपत्रही काढले.

पुढे शहर वाढले, नवे रस्ते पडले आणि वस्तीचे नावही लोक विसरले. १९६८ साली अभ्यासक जेम्स हर्ली व वैमानिक जोसेफ हेन्स यांनी विमानातून त्या भागाची पाहणी केली. जुन्या हंटरफ्लाय रोडच्या कडेला काही लाकडी घरे त्यांना दिसली. आसपास पाडापाडी चालू होती. अशा वेळी रहिवासी व विद्यार्थी खोदकामाला लागले. मातीतून जुन्या वस्तू निघाल्या, एका अनामिक स्त्रीचे छायाचित्रही मिळाले.

शहराच्या वारसा आयोगापुढे सुनावणी झाली, तेव्हा शेजारच्या शाळेतील मुले साक्ष द्यायला गेली. १९७० साली त्या घरांना कायद्याचे संरक्षण मिळाले. मुलांनी पैसे जमवून हातभार लावला. १९७३ साली संस्थेने घरे विकत घेतली. जोन मेनार्ड या बाईंनी पुढे पंचवीस वर्षे हे काम नेटाने चालवले.

घर वाचले म्हणजे काम संपले असे नाही. रोजचा खर्च असतोच. २०१९ साली संस्था बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा लोकवर्गणीने तिला तारले. त्यानंतर महापालिकेने नियमित अनुदान देण्याचे मान्य केले.

आपल्याकडे परळच्या बी.आय.टी. चाळीतील बाबासाहेबांचे घर सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या वस्तीतले वाचनालय, समाजमंदिर, सभेचे मैदान यांची नोंद कुठे आहे? मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ साली नियमावली आली. परंतु महापालिकेपुढे नुसती भावना चालत नाही, कागद लागतो.

म्हणून जुन्या भाडेपावत्या, वर्गणीची पावतीपुस्तके, मंडळाची इतिवृत्ते, लग्नपत्रिका, फोटो रद्दीत घालू नका. महिला मंडळाने वृद्धांच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. तरुणांनी प्रत्येक जुन्या वास्तूचे फोटो काढून त्यामागे तारीख व माहिती लिहावी. पुनर्विकासाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी हे झाले पाहिजे. बुलडोझर आल्यावर वही शोधून काय उपयोग?