फ्लॅशचे फोटो काळपट का येतात?

झाशी जिल्ह्यातल्या समथरच्या किल्ल्यासारख्या जुन्या वास्तूंत, अंधाऱ्या दालनात डीएसएलआरने काढलेले फ्लॅशचे फोटो अनेकदा काळपट येतात. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश एक चतुर्थांशच उरतो, हे त्याचे मुख्य कारण. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) 12 असलेला कॅमेऱ्यातला फ्लॅश आयएसओ 100 आणि एफ/4 वर 3 मीटरपर्यंतच पुरतो. आयएसओ 400 केल्यास 6 मीटर.

चौकटीत पांढरी भिंत किंवा पांढरे कपडे जास्त असले, तर कॅमेरा फसतो आणि फ्लॅश कमी सोडतो. तेव्हा फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +1 करा. काळपट रॉ फाइल नंतर उजळता येते, पण सावल्यांत नॉइज वाढतो. म्हणून आधी जवळ जा, मग आयएसओ वाढवा.