तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश

अलिबागला सुकती लागली की कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येतं. पाणी नुकतंच ओसरलेली वाळू ओली आणि घट्ट असते. पाऊल टेकलं की भोवतीची वाळू क्षणभर फिकट पडते आणि पुन्हा ओली दिसू लागते. बीपी असलेल्याने चालायला सुरुवात करावी ती या ओल्या पट्ट्यावर. वर, वरसोलीच्या सुरूच्या बनालगतची भुसभुशीत वाळू पाय धरून ठेवते. तिथे चालायला डांबरी रस्त्याच्या दुपटीच्या आसपास ताकद खर्च होते.

आपल्याकडे बहुतेकजण तासभर एकाच चालीने फिरतात. ते चांगलंच, पण पायांना त्याची लवकर सवय होते. जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्यमवयीन आणि साठी ओलांडलेल्या माणसांना वेगळ्या रीतीने चालवलं: तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश, असे पाच किंवा जास्त फेरे, आठवड्यातून किमान चार दिवस. पाच महिन्यांनी त्यांच्या गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद सरासरी १३ टक्क्यांनी, तर वाकवणाऱ्यांची १७ टक्क्यांनी वाढली. वरचा बीपीही उतरला. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. एकाच मध्यम चालीने दिवसाला आठ हजार पावलं चालणाऱ्यांमध्ये एवढा फरक पडला नव्हता.

हे घडतं कसं? चाल वाढली की मांडीचे स्नायू जास्त रक्त मागतात. रक्ताचा वेगवान प्रवाह धमनीच्या आतल्या अस्तराला घासून जातो, तसं ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनीची भिंत सैल पडते. म्हणून चालून आल्यावर काही तास बीपी खाली राहतो. महिनोन् महिने हे चालू राहिलं की धमन्या अधिक लवचिक होतात, स्नायूंत बारीक केशवाहिन्या वाढतात. सावकाश तीन मिनिटांत दम खाली बसतो आणि पुढचा फेरा झेपतो. ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे. तिच्याशिवाय पन्नाशी-साठीच्या माणसाला एवढा वेळ झपझप चालणं निभत नाही.

मात्र प्रत्यक्ष झपझप चालताना वरचा आकडा चढतोच. म्हणून बीपी १८०/११०च्या घरात असेल तर आधी डॉक्टर, मग किनारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, तेव्हा नाडीवर न जाता बोलण्यावर जावं: एखादं वाक्य पुरं व्हावं, पण गप्पा रंगू नयेत, इतकी चाल.

सुकती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पहाटे भरती असेल त्या दिवशी घट्ट वाळू मिळत नाही. तेव्हा हेच फेरे वाडीतल्या सपाट रस्त्यावर घ्यावेत.