घाटमाथ्यावरील जुनी घरे आणि त्यांचे मुके रहिवासी

बोरघाटातील रेल्वेमार्गाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर अल्पावधीतच, १८५९ साली, मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम तर पुढे चालविलेच, परंतु त्या कामाची छायाचित्रेही स्वतः घेतली. आणि १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या मार्गासाठी डोंगर कसकसा फोडला गेला, हे कोणत्याही सरकारी अहवालाहून त्या चित्रांतच मला अधिक स्पष्ट दिसते.

छायाचित्राची अशीच साक्ष येथील जुन्या घरांसही लाभावी म्हणून, लोणावळ्यातील मंगलोरी कौलांचे बंगले आणि तळेगाव दाभाड्यातील वाडे आज एकामागून एक उतरविले जात असताना, आपल्या मांजराचे वा कुत्र्याचे चित्र तेथील ओट्यावर किंवा जोत्यापाशी घेऊन सर्वांस दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण पायरीवर बसलेल्या मांजरामुळे दगडाच्या उंचीचे प्रमाण आपसूक कळते, आणि मांजर पाहावयास आलेली दृष्टी झिजलेल्या उंबऱ्यावर व चौकटीच्या कोरीव कमळावर सहज स्थिरावते.

कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीस आणावा, फ्लॅश वर्ज्य करावा. ढगाळ दिवसाचा मवाळ प्रकाश काळ्या पाषाणास आणि काळ्या कुत्र्यास सारखाच मानवतो. मावळच्या दमट हवेत भिंगास बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल घातलेला घट्ट डबा हवाच. घरमालकाची परवानगी घेऊन चित्राखाली गाव, आळी व तारीख यांची नोंद करावी. प्राण्याचे नाव तर अवश्य लिहावे.