आकडा घटला, बळ घटलं का?

बालमित्रांनो, समजा तुम्ही कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळता. कित्येक महिने खपून तुमच्या योद्ध्याचा एक घाव १ लाखाचा झालाय. एके दिवशी खेळ उघडता, तर तोच घाव ५ हजारांचा! रडूच येईल ना? माझे ९५ हजार कुणी नेले?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळात २०१४ साली असंच आकडे घटवले गेले. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीचा हा खेळ २००४ मध्ये सुरू झाला. जगभरचे लोक तो इंटरनेटवरून एकत्र खेळतात. काही वर्षांनी त्यात नवा भाग येतो. नवा भाग आला की नवे राक्षस आले, आणि त्यांना मारायला आधीपेक्षा जबर तलवार. असे आकडे फुगतच गेले. शून्यांच्या त्या गर्दीत काही कळेनासं झालं. शिवाय कॉम्प्युटरच्या घागरीलाही काठ असतोच. संख्या साठवायच्या एका नेहमीच्या पद्धतीत जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढंच मावतं.

म्हणून आकडे लहान केले. २०१८ मध्ये पुन्हा केले. २०२० मध्ये तर १२०व्या पातळीवरचे खेळाडू ५०व्या पातळीवर आले.

मग नुकसान झालं का? थांबा, आधी राक्षसाकडे बघा. समजा, पूर्वी त्याचं बळ १० लाख होतं. तुमच्या १ लाखाच्या १० घावांत तो पडायचा. आता त्याचं बळ ५० हजार आणि तुमचा घाव ५ हजारांचा. किती घाव लागतील? दहाच!

नांदेड-लातूरच्या मुलांनो, आपल्या भागातही असा हिशोब झालाय बरं का. निजामाच्या राज्यात इथे हाली शिक्का चालायचा. त्याच्या रुपयावर चारमिनार असे. कुणाच्या पणजीच्या ट्रंकेत अजून एखादा सापडेल! भारताच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. ७ हाली म्हणजे ६ कलदार. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५०च्या दशकात हाली टप्प्याटप्प्याने बंद झाला.

आता सांगा, ७ हाली देऊन ६ कलदार घेणारा मजूर गरीब झाला का? ७ हालीची ज्वारी ६ कलदारांत मिळाली, तर मुळीच नाही. पण दुकानदाराने तीच ज्वारी ७ कलदारांना दिली, तर मात्र मजूर फसला! म्हणून नुसता आपला आकडा पाहून भागत नाही. समोरचा आकडाही त्याच मापाने घटला का, हे तपासायचं.

घरी सोडवा: ४२ हालीचे कलदार किती? आणि ४० पैकी ३६ गुण चांगले, की १०० पैकी ८५?

आणि पालकहो, 'किती पडले?' असं विचारून रागावण्याआधी 'कितीपैकी?' हेही विचारा बरं!